खोबरेल

अबादान, त्रेचाळीसचा जानेवारी.
टायफसमधून उठलेली पाच पोरकी मुलं
पुढचं जहाज येईतो आमच्या वॉर्डात.
त्यांतली एक, नऊ-एक वर्षांची,
कागदावर नाव : हिंदा.
मी हसले. म्हटलं, बाई गं, हिंद तर माझा,
तुझं गाव कुठलं?
ती भिंतीकडे बघत राहिली.
समरकंदला धाकट्या भावाचा हात
कुणी तिच्या हातातून सोडवला म्हणे.
ती मूठ अजून मिटलेली.

मेजर म्हणाले, सिस्टर वाक्रूळकर, वेळ लागेल.
वेळ कुठला? जहाज पंधरवड्यावर.

सरकारी यादीत नसलेलं औषध माझ्याकडे एकच :
रेवदंड्याहून आईनं दिलेली खोबरेलाची बाटली.
बाहेर पाइपांतून तेलच तेल,
रात्रभर रिफायनरीची जीभ आभाळ चाटते,
पण ते काही टाळूवर घालायचं तेल नव्हे.
आम्ही शनवार तेली.
घाणा केव्हाच मोडला, बोटं विसरली नाहीत.
भादरलेलं डोकं, खवडे, मानेची शीर ताठ.
आधी बोटाच्या पेरानं,
चार दिवसांनी तळव्यानं.
ती वळली नाही.
डोकंही काढून घेतलं नाही.

शुक्रवारी त्याच तेलात वात भिजवली,
औषधाच्या बशीत लावली,
रुमाल डोक्यावर ओढून म्हटलं, शब्बाथ शालोम.
भिंतीकडून गंजक्या बिजागरीचा आवाज :
"शाबेस."
काय?
"शाबेस!"
इतक्या दिवसांचं मौन सोडलं ते
माझी चूक काढायला.
आमचे हजान भडकले असते.
मी म्हटलं, शाबास!
तिनं मान हलवली. शाबेस.
शाबास!
वैतागून उठून बसली,
माझी हनुवटी धरली,
ओठ कसे करायचे ते दाखवू लागली
आणि त्यासाठी
मूठ उघडावी लागली.

मला दुसऱ्याच खेपेला नीट जमलं होतं.
जहाज सुटेपर्यंत चुकत राहिले,
रोज, जेवणाआधी.

धक्क्यावर बघितलं तर मूठ पुन्हा मिटलेली.
संध्याकाळी कळलं :
बाटलीचं बूच नेलं होतं तिनं.

उघडं तेल राहत नाही, खवट होतं.
मागे राहिलेल्या दोघांच्या डोक्यांवर
त्याच आठवड्यात संपवलं.