पुठ्ठा

जुलैची थंडी. नदीवरून आलेलं धुकं
गराजच्या पत्र्याखालून आत सरकतंय,
आणि एवारिस्तोचे फक्त पाय दिसतात.
बाकीचा एवारिस्तो ऑस्टिनच्या पोटाखाली.
"पाना," तो म्हणतो. मी देते.
"हा नव्हे. बाबांचा, इंची."
मग तो शोधते, ज्याच्या मुठीला
बाबांनी सायकलची ट्यूब गुंडाळली होती.

अकरा महिन्यांत आमच्यात
एवढंच काय ते बोलणं झालंय.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमचं तळं पुठ्ठ्यावर साचायचं.
दर रविवारी बाबा डिफरन्शियलखाली
बिस्किटांच्या खोक्याचा नवा पुठ्ठा सारायचे,
जुना उचलून उजेडासमोर धरायचे,
डॉक्टर एक्स-रे धरतो तसा,
आणि म्हणायचे, "जिवंत आहे.
गळायची थांबेल त्या दिवशी काळजी करा."

गुरुवारी मोन्तेविदेओहून माणूस येतोय.
फोनवर त्याने एकच विचारलं, गळते का?
एवारिस्तो म्हणाला, नाही.
त्या 'नाही'ला आज आम्ही खरं करत बसलोय.

बूच सुटलं. तेल आलं, हिरवट काळं, सुस्त,
गंधकाचा तो वास, जो बाबांच्या स्वेटरला असायचा
आणि आई खिडकी उघडायची.
दांडा खाली उतरवला. पिनियनच्या नटावर
छिन्नीने खूण केली, बाहेर आलेले आटे मोजले.
"सोळा," तो म्हणाला. "लक्षात ठेव."
ठेवलं.

सील निघेना. वाकडा स्क्रूड्रायव्हर, शिवी,
पुन्हा स्क्रूड्रायव्हर,
आणि मग ते माझ्या तळहातावर पडलं.
रबर नव्हतंच ते. कातडं होतं,
चाकूने गोल कापलेलं, जरा लंबगोलच,
कडेला डागाची अर्धी खूण,
कुणा मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर.
एकतीस वर्षं बाबा मांसाच्या कारखान्यात होते.
तिथून आम्हाला भोंगा माहीत होता, पगार माहीत होता,
कारखान्याला कुलूप लागलं तो मंगळवारही.
हे माहीत नव्हतं.
एवारिस्तो बाहेर आला, चिंधीला हात पुसत,
आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.
मी येर्बाचा तुंबा भरला. त्याने नळी तोंडात धरली,
ओढली नाही.

नवं सील बसने आलंय, पाकिटात,
पोरक्या बटणासारखं काळं चकचकीत.
पण फ्लॅन्जवर जुन्या कडेने चर पाडलाय,
नख फिरवलं की अडकतं.
"पूर्ण आत नाही ठोकायचं," तो म्हणतो,
"मिलिमीटरभर बाहेर. ओठ कोऱ्या लोखंडावर पडू दे.
जुन्या चरीत बसवलं तर पुन्हा तेच."
लाकडाचा ठोकळा, हलके हलके,
एक ठोका इकडे, एक समोर.
मी टॉर्च धरते. हात कापतो. थंडीने.

नट आवळताना विचारतो, "सतरा ना?"
"सोळा."
तो थांबतो. एक आटा सोडतो.

आणि सगळं झाल्यावर, उगाच बोट फिरवताना,
त्याला अॅक्सलच्या माथ्यावरचं भोक सापडतं,
हवा जायचं, कडधान्याएवढं,
कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं.
केसांतली पिन काढून देते. माती झडते,
आतून फुस्स.
"एवढंच होतं," तो म्हणतो. "तापायची,
श्वास कोंडायचा, मग वाट मिळेल तिथून.
सील बिचारं काय करणार."

बुधवारी पहाटे पुठ्ठा काढला.
उजेडासमोर धरला.
बिस्किटांचं नाव, किंमत, एक मुंगी.
थेंब नाही.

एवारिस्तोला उठवलं.
तो मोज्यांवरच आला, फरशीवर आडवा झाला,
भरायचं बूच फिरवलं, करंगळी आत घातली,
आणि पहिल्या पेरापर्यंत ओली करंगळी
गाडीखालून माझ्यासमोर वर धरली.