मोगरी

राणी गेली ती मंगळवारी, पहाटे.
दुपारी गावचा अधिकारी आला, नुकुआलोफाहून,
सायकल हातात, साखळी निसटलेली.
म्हणाला, मेलेआने, शंभर दिवस मोगरी नाही.
सालकापड कुटायचं नाही. नाच नाही, गाणं नाही.
काळं कापड तोवर दुकानातून संपलं होतं.
बहिणीनं शाळेचा झगा रंगवला,
तो जांभळाच निघाला.

शुक्रवारी रस्त्याच्या कडेला बसलो,
कमरेला जुन्या मोठाल्या चटया,
पोरं गणवेशात, माना खाली.
उभं राहून बघायचं नसतं.
मला राजाचे बूट तेवढे दिसले.
डाव्यावर चिखल.
आजवर कुणीतरी सांगत असणार.

लिसिआते गेला तेव्हा
चौथ्याच दिवशी मी ओंडक्यापाशी बसले.
कुणाच्या तरी लग्नाचं कापड,
उचल घेतलेली, तांदळात संपलेली.
ठक् ठक्, दिवसभर.
शेजारणी म्हणाल्या, बरं झालं,
हात चालू आहेत बाईचे.

आता ओंडक्यावर कोंबडी बसते.
लाटासुद्धा दबकून येतात म्हणावं, तर तसं नाही,
त्या येतात तशाच.
पण बाकी सगळं बेट गप्प,
आणि कुडापलीकडून, दीड वर्षानं,
मला ऐकू येतं
त्याचं न खोकणं.

महाराज, हे दिवस तुमच्या बाईचे.
त्यातले थोडे मी वापरते आहे,
न विचारता.