उलटी वायर

परभणीत, कारेगाव रोडच्या आमच्या घरी
इंटरनेट आलं ते सुग्रीवदादाच्या खोलीत.
फोनमागून एक डबी, डबीतून एक वायर,
ती थेट त्याच्या कॉम्प्युटरच्या पाठीत.

माझा मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी,
तीन मोडक्या मशिनी मिळून झालेला एक.
झाकण लावलं की तापायचा,
म्हणून पोट उघडं टाकूनच चालायचा.

दादा म्हणायचा, एका लाइनीवर एकच.
मी म्हणायचे, मग एका टाकीवर दोन नळ कसे?

अण्णा टेलिफोनात होते.
मुंजाजी लाइनमन म्हटलं की जिंतूर नाक्यापर्यंत ओळख.
शंभर जोड्यांच्या गुंत्यातून
मेलेली जोडी बोटानं काढणारा माणूस.
त्यांनी आमचं भांडण ऐकलं, तंबाखू थुंकली,
म्हणाले, "आठ तारा लागत्यात ना? आणा वायर."

पहिली वायर मेली.
दुसरीही.
अण्णांनी रंगाला रंग लावला होता,
तीस वर्षं तेच तर केलेलं.
शेवटी इरफानच्या दुकानातला पोरगा सांगून गेला:
दोन मशिनी समोरासमोर बांधायच्या तर
इकडं नारिंगी जिथं, तिकडं तिथं हिरवा.

अण्णा वायर मांडीवर घेऊन बसून राहिले.
मग एकटेच हसले.
"असं हाय व्हय! ह्याचं तोंड त्याच्या कानाला.
आपण तोंडाला तोंड लावायलोत.
दोघंबी बोलायलेत, ऐकायला कुणीच न्हाई."

तांदूळ निवडणारी आई तेवढ्यापुरती थांबली.
काही बोलली नाही.

वायर झरोक्यातून निघाली,
आईच्या खोलीच्या तुळईवरून, फोटोंच्या मागून,
माझ्या पोत्यांवर उतरली.
दादाच्या मशिनीचा शेवटचा आकडा एक, माझा दोन.
एक बंद तर दोन बंद.
हे त्याला कळलं त्या दिवसापासून
आमटी आळणी झाली तरी तो बटण दाबायचा.
वीज जायची ती वेगळीच.

मग तो पुण्याला लागला, रात्रपाळीला.
मॉनिटर घेऊन गेला, डबा राहिला.

रोज सकाळी आधी त्याच्या खोलीत जाऊन
मी तो डबा चालू करते,
मग माझ्या जागेवर येते.
गल्लीतल्या पोरींचे फॉर्म भरते, निकाल काढते,
पाच रुपये घेते, कुणाचे घेत नाही.

आई म्हणाली, "कामून चालू ठेवायलीस गं?
तिथं बसायलंय का कुणी?"
"त्याच्यातूनच येतं आई, माझ्याकडं."
ती दारात उभी राहून बघत राहिली,
काचेविना, अक्षराविना नुसता घुंऽऽ करणारा डबा.
दुसऱ्या दिवसापासून मेथी निवडायला
ती त्याच खोलीत बसायला लागली.
पंख्याचा आवाज असतो म्हणे.
वर छत्तीस इंची पंखा बंदच होता.

एकदा रात्री दोनला दादाचा मेसेज:
माझी मशीन चालू हाय का अजून?
मी लिहिलं, हो.
त्या एका अक्षराला जायचं होतं
पोत्यांवरून, आईच्या झोपेवरून,
त्याच्याच रिकाम्या खोलीतून, त्याच्याच मशिनीतून,
आणि मग पुण्याला.
बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं: बिल किती येतंय लाइटचं?
मी निम्मंच सांगितलं.

परवा उंदरानं वायर कुरतडली.
अण्णांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू,
चिमटा धरला की हात हलतो.
म्हणून मी खाली बसते, ते खुर्चीत.
ते रंग सांगतात, मी तारा ओळीत लावते.
"पांढरा-नारिंगी," म्हणतात ते.
मी बघते, हातात त्यांच्या हिरवा आहे.
काही बोलत नाही, हिरवाच लावते.

आतून आई विचारते, "लागलं का?"
"थांब गं," अण्णा म्हणतात, "अजून एक टोक ऱ्हायलंय."