पेव

हरिपूरच्या पेवात उतरण्याआधी
हमाल दोरीनं कंदील सोडतात.
विझला, तर खाली हवा नाही.

शांतिनाथकाका काठावर थांबतात,
आत बघत नाहीत.
एकाहत्तरच्या डिसेंबरात
कॅनबेराच्या नाकात पालथं पडून
असाच काळा गोल पाहिलेला.
तिकडंही ब्लॅकआउट कडक.
तरी एक दिवा.
कुणी विसरलं असेल,
किंवा कुणी बाळंत होत असेल.
नेम त्याच्यावरनंच धरला.

त्याच सांजेला इकडं आई
दिवेलागणीआधी जेवून उठलेली,
ज्योतीवर चिलटं मरतात म्हणून.

"जळतोय का रे?"
"जळतोय की, मालक."

तरी हळदीनं पिवळाधम्मक कृष्णात
वर येईस्तोवर
काका ओठातल्या ओठात
सेकंद मोजतात.
एकोणीस. वीस.
तेव्हा सव्वीसला
खाली उजाडलं होतं.