कोरं करकरीत

पेन्शन ऑफिसातल्या पोरीनं फॉर्म पुढे सरकवला.
प्रश्न अकरावा : निवृत्तीनंतर काय करायला आवडेल?
खाली ठिपक्यांच्या तीन ओळी.

अडतीस वर्षं मी कागद केला, पोरी.
आठ मीटर रुंद, मिनिटाला किलोमीटरभर,
डोळ्यांसमोरून पळत गेला, कोरा करकरीत.
मध्येच फाटला तर
आवाज येण्याआधीच माझ्या टाचांना कळायचं.
पण त्यावर काही लिहायची वेळ
रजेचा अर्ज सोडला तर
माझ्यावर कधी आली नाही.

ताउनोचं केव्हाच ठरलंय.
कारव्हॅन, नॉर्वे, गळाला लागतील ते मासे.
नकाशावर त्यानं लाल रेघ ओढलीय
आणि त्या रेघेवर
माझीही एक घडीची खुर्ची ठेवलीय.
जाईन की. ऑगस्टात, दोन आठवडे.
त्याहून जास्त मासे मला सोसत नाहीत,
आणि त्याहून जास्त ताउनोही.

किर्स्ती माझ्याच पाळीतली, गेल्या साली सुटली.
विणकाम, गाण्याचा वर्ग, इटालियन,
सगळं एकदम अंगावर घेतलं तिनं.
आता बाजारात भेटली
की बोलता बोलता घड्याळ बघते,
आमच्या जुन्या फोरमनसारखी.

मला काय आवडेल?
खिडकीबाहेर बोथनियाचं आखात
आणि त्यावर एप्रिलचा कुजका बर्फ.
पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
मी पडले होते. सातव्या वर्षी, अशाच बर्फातून.
नाही आलं.
काकानं वेणीला धरून काढलं.
तेव्हापासून छप्पन्न वर्षं
समुद्राकाठी राहते, समुद्राकडे पाठ करून.

पेन मागितलं.
पहिल्या ओळीवर लिहिलं :
मंगळवारी सकाळी, नगरपालिकेचा तलाव, पोहायला शिकणे.
अक्षर वाकडं आलं. 'तलाव' खोडून परत लिहिला.

पोरगी म्हणाली, अजून दोन ओळी आहेत, राइली बाई.
म्हटलं, राहू देत.
कोरं ठेवायला काय पडतं
ते मला विचार.

मग सवयीनं
कागदाचा कोपरा चिमटीत धरला, चोळला.
ऐंशी ग्रॅम. आमचा नाही.
आणि जरासा दमट.