ओली जागा

कोणी पडलं की पंच माझ्याकडे बोट करतो.
मग मी धावते, पोचा घेऊन,
साठीची दांगुओले, सात सेकंदांची मालकीण.

सप्टेंबरात फळ्यांना नव्या वार्निशचा वास होता.
नेमुनासच्या काठचं आमचं गाव
बटाटे काढायचे सोडून तिकिटाच्या रांगेत.
पहिले चार जिंकलो.
मग सलग नऊ गेले.

घाम मला ओळखू येतो.
रिम्विदासचा बास्केटखाली, डबक्यासारखा.
अकरा नंबरच्या पोराचा रेषेबाहेर:
चेंडू केव्हाच गेलेला असतो,
तरी तो झेपावतोच.
अटलांटाहून आणलेला टायरीस फारसा पडत नसे.
तीन महिने पगार थकला, फेब्रुवारीत तो गेला;
त्याचे सत्तेचाळीस नंबरचे बूट
बॉयलरच्या खोलीत अजून वाळताहेत.

फलकावरच्या आठाची एक कांडी जळाली, सहा दिसतो.
त्या दोन गुणांवरून बाजारात महिनाभर भांडणं.

मे. शेवटचा सामना.
खालच्या लीगमध्ये जाणार, हे ठरलेलंच.
प्रेक्षक मोजून चौसष्ट, त्यात माझी बहीण.
अकरा नंबर झेपावला.
मी गेले, गुडघा टेकला, पुसलं.
उठता उठता तो म्हणाला,
"हळू, आजी. अजून ओलं आहे."