मिरज लोकोशेड, मोजमाप

पाडायच्या आधी मोजून ठेवा, असं पत्रात होतं.
म्हणून मी, एक शिडी, एक टेप,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला
दस्तगीर मुजावर, निवृत्त बॉयलर फिटर.

लांबी एकशे ऐंशी फूट. दगड काळा, इथल्याच खाणीतला,
कोपऱ्यांना घडीव, मध्ये ओबडधोबड.
पूर्वेच्या भिंतीत गोल खिडकी, चर्चला शोभेल अशी.
इंजिनं काही प्रार्थना करत नसत.
बांधणाऱ्याला दुसरी खिडकी येत नसावी.

ओतीव खांब चौदा. आतून पोकळ,
छपराचं पाणी त्यांच्यातूनच खाली उतरायचं.
दस्तगीर कान लावतो, टिचकी मारतो,
"ह्यो तुंबलाय. पाखराचं घरटं असंल."
मी लिहितो: खांब क्र. १४.

वर आढ्याला धूर जायला झडपांची रांग.
तिच्याखाली तुळयांवर काजळीचे पट्टे,
जिथं चिमणी उभी राहायची बरोबर तिथं.
मीटरगेज उखडून कधीच नेलं,
पट्टे आपापल्या रुळांवर उभे.
काजळीला कोणती रेघ वापरायची
हे आम्हाला शिकवलेलं नाही.

कमान: सोळा फूट चार इंच.
"चुकलं."
पुन्हा धरला टेप. सोळा-चार.
"सतरा पायजे. क्रेन आत घेताना सायबानं मोजलं हुतं.
टेप मीच धरलेला."
मग आठ इंच गेले कुठं?
तो वर बघत नाही. बुटानं जमीन उकरतो.

राख.
रोज इंजिनाच्या पोटातनं झाडलेली,
थोडी बाहेर नेलेली, थोडी इथंच दाबलेली,
वर तेल, पाणी, पाय, फरशीसारखी घट्ट.
तिच्यावर शिडी लावून मी उंची मोजत होतो.

चौदाव्या खांबाच्या बुडाशी, कमानीलगत, पहार घातली.
चार इंचांवर लोखंड बदललं,
आधी फुगलं, मग दुमडलं,
पानं.
ओतीव पानांचं कडं खांबाच्या पायात,
शिरांसकट, कडा अजून धारदार.
इंजिनशेडात, तेलाच्या चिखलात, घोट्याच्या उंचीवर
ही कोणासाठी ओतली?

दस्तगीर उकिडवा बसला.
"छत्तीस वर्सं हितं डबा खाल्ला," म्हणाला,
"ह्याच खांबाला टेकून."
रुमालानं एक पान पुसलं, एकच,
आणखी चार इंच खणलं,
खालच्या दगडावर टेपचं टोक दाबून धरलं.
"हं. आता वाचा वरनं."